‘बाई’ व्हायचं, तर कोणती पदवी घ्यायची?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचता यावं म्हणून बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आपल्या गटांत अंतर्गत कर्ज कशासाठी निघतं, ते आठवून बघा. धानाचं बियाणं, शेळी, दवाखाना, लग्न. आणि अलीकडे आणखी एक कारण रजिस्टरमध्ये दिसतं, ‘मुलीचं शिक्षण’. त्यातही आपल्या गोंदिया जिल्ह्यात पुष्कळ आयांचं एक ठरलेलं स्वप्न असतं. पोरीनं शिकून शाळेत बाई व्हावं. स्वप्न चांगलंच आहे. पण शिक्षक होण्याच्या पदव्या एक नाही, चार-पाच आहेत. प्रत्येक पदवीचा दरवाजा वेगळ्या वर्गात उघडतो. चुकीच्या दरवाजात शिरलं की दोन वर्षं आणि कर्ज, दोन्ही अंगावर येतात.

मी शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आजचं बोलणं एका चुकलेल्या सल्ल्यापासून सुरू करते. तो सल्ला देणाऱ्यांत मी स्वतः होते.

एका घराची गोष्ट

आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंची मोठी मुलगी बी.ए. झाली. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचं तिच्या मनात होतं. २०१९ मध्ये त्या दोघी माझ्याकडे आल्या. ‘बाई, हिला डी.एड. करवू की बी.एड.?’ तेव्हा नियम असा होता की बी.एड. झालेली मुलगीसुद्धा पहिली ते पाचवीला शिक्षक होऊ शकते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं २०१८ मध्ये तशी अधिसूचना काढली होती. अट एवढीच, की नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा एक जोडअभ्यासक्रम करायचा. म्हणून मी सांगितलं, ‘पदवी आहेच, तर बी.एड. कर. लहान वर्गाला चालेल, मोठ्यालाही चालेल.’

गटातून कर्ज निघालं. मुलीनं दोन वर्षं खोली करून बी.एड. पूर्ण केलं. शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर पास झाली. २०२३ मध्ये अभियोग्यता परीक्षा दिली. आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही.

ताई मला म्हणाल्या, ‘बाई, माझी पोर तर मोठी परीक्षा पास झाली. मग लहान लेकरांना शिकवायला ती कशी चालत नाही?’

हा प्रश्न मला आजही आठवतो, कारण तो फक्त त्यांचा नाही. बी.एड. मोठं आणि डी.एड. लहान, असं आपण सगळेच समजून चाललो होतो. न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा असा, की ही लहान-मोठी शिक्षणं नाहीत, वेगळी शिक्षणं आहेत. सहा वर्षांच्या लेकराला अक्षर ओळखायला शिकवणं आणि पंधरा वर्षांच्या मुलाला भूमिती शिकवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. रोवणीत कितीही तरबेज बाई असली तरी तिला आपण बाळंतपणाला बोलवत नाही. तिथे सुईणीचा हात लागतो. लहान मुलाला पहिल्यांदा वाचायला शिकवणं हे त्याच सुईणीसारखं काम आहे. मुळात लेकराच्या हक्काचा विचार केला तर निकाल समजतो. पण ज्या घरानं आधीच्या नियमावर विसंबून पैसा घातला, त्या घराचं नुकसान झालं, हेही तितकंच खरं.

त्यातून मी शिकले ते एकच. सल्ला विचारताना ‘शिक्षक व्हायचंय’ एवढं सांगू नका. ‘कितवीच्या वर्गाला शिकवायचंय’ ते आधी ठरवा.

वर्गावरून पदवी ठरते

आता एकेक दरवाजा बघू. शक्य असेल तर गटाच्या सचिव ताईंनी फळ्यावर किंवा वहीत लिहून घ्यावं.

*पहिली ते पाचवी.* यासाठी डी.एल.एड. लागतं. आपण ज्याला अजूनही डी.एड. म्हणतो तेच हे. बारावीनंतर दोन वर्षं. आपल्या राज्यात त्याला प्रवेशपरीक्षा नसते, बारावीच्या गुणांवर ऑनलाइन यादी लागते. बारावीला साधारण निम्मे गुण हवेत, राखीव प्रवर्गाला पाच टक्के सूट. अर्ज बारावीचा निकाल लागल्यानंतर निघतात.

*सहावी ते आठवी.* इथे दोन वाटा आहेत. पदवी आणि डी.एल.एड., किंवा पदवी आणि बी.एड. दोन्ही चालतात.

*नववी आणि दहावी.* पदवी आणि बी.एड. पदवीला जो विषय असेल तोच शाळेत शिकवायला मिळतो. म्हणून गणित-विज्ञान शिकवायचं असेल तर अकरावीला शाखा निवडतानाच विचार करावा लागतो.

*अकरावी आणि बारावी.* विषयात एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. आणि त्यासोबत बी.एड.

यातून एक गोष्ट लक्षात येते का? ज्या मुलीनं बारावीनंतर डी.एल.एड. केलं आणि पुढे पदवी घेतली, तिला पहिलीपासून आठवीपर्यंतचे दोन्ही दरवाजे उघडतात. पदवी तिला घरून, मुक्त विद्यापीठातूनही घेता येते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच आहे. जिला लहान मुलांची आवड आहे आणि घरची परिस्थिती बेताची आहे, तिच्यासाठी ही वाट कमी खर्चाची आणि लवकर हाती येणारी आहे. वयाच्या विसाव्या वर्षी शिक्षण हातात असतं. बी.एड.ला तीन वर्षं पदवीची आणि दोन वर्षं त्यापुढची, अशी पाच लागतात.

बी.एड. म्हणजे नेमकं काय

पूर्वी बी.एड. एका वर्षाचं होतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. आपला जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाखाली येतो. १९२३ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचं आहे. आधीची पदवी आमगावच्या भवभूती महाविद्यालयात, तिरोड्याच्या सी. जे. पटेल महाविद्यालयात किंवा गोंदियाच्या एन.एम.डी. आणि धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयात घेणाऱ्या आपल्याच मुली आहेत. बी.एड.साठी गोंदियात पुंजाभाई पटेल शिक्षण महाविद्यालय आहे. पण बी.एड.चा प्रवेश महाविद्यालयाच्या खिडकीवर मिळत नाही. आधी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी द्यावी लागते. मग गुणांप्रमाणे ऑनलाइन फेऱ्या होतात.

ही परीक्षा शंभर प्रश्नांची, दीड तासाची असते. बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षकाचा कल, असे तीन भाग. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पदवीला खुल्या प्रवर्गात पन्नास टक्के आणि राखीव प्रवर्गात पंचेचाळीस टक्के गुण लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. सीईटीचे अर्ज हिवाळ्यात सुटतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. म्हणजे मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच फॉर्म भरायचा असतो. तेव्हा आपण धानाच्या मळणीत आणि विक्रीच्या रांगेत अडकलेलो असतो. पदवीचा निकाल लागला की चौकशीला निघू, असं म्हणणाऱ्या घराचं एक वर्ष तिथेच जातं. मी अशा कितीतरी मुली पाहिल्या आहेत, हुशार, पण फॉर्म चुकला म्हणून वर्षभर घरी.

प्रवेश मिळाल्यावर शिकायचं काय? मुलाचं मन कसं वाढतं, ते शिकतं कसं, समाजात त्याला कोणत्या अडचणी येतात, हे विषय असतात. दोन शालेय विषयांच्या अध्यापन पद्धती असतात. आधी पाच-सहा मिनिटांचे छोटे पाठ आपल्याच मैत्रिणींसमोर घ्यायचे, त्याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात. मग खऱ्या शाळेत पाठ. पाठाचं टाचण काढायचं, साहित्य स्वतः तयार करायचं. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत राहून शिक्षकासारखं काम करावं लागतं. हजेरी वर्गाला ऐंशी टक्के आणि शाळेतल्या कामाला नव्वद टक्के.

ही हजेरीची अट सांगतेय त्याला कारण आहे. ‘बी.एड. करत करत रोवणीलाही येईल, तेंदूपत्त्यालाही जाईल’ असा हिशोब धरू नका. दोन वर्षं त्या मुलीची मजुरी घरात येणार नाही. कर्ज काढताना फी, खोली, प्रवास, परीक्षांचे फॉर्म आणि ही बुडणारी मजुरी, असे पाच आकडे लिहा. बहुतेक घरं फक्त पहिला आकडा लिहितात.

शिक्षणशास्त्राच्या इतर पदव्या

काही मुली ‘एम.ए. शिक्षणशास्त्र’ करतात. विषय सुंदर आहे. शिक्षणाचा इतिहास, तत्त्वज्ञान, धोरण, मानसशास्त्र यांचा त्यात अभ्यास असतो. पण नीट समजून घ्या, ही शिक्षणाविषयीची पदवी आहे, शिक्षक होण्याचा परवाना नाही. नुसत्या या पदवीवर शाळेत शिक्षक म्हणून नेमणूक मिळत नाही.

एम.एड. बी.एड.नंतर दोन वर्षांचं. ते शिक्षकांना घडवणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना पुढे शिक्षण महाविद्यालयात शिकवायचं आहे, त्यांनी ही वाट धरावी, आणि त्यासोबत नेट, सेट किंवा पीएच.डी.ची तयारी ठेवावी.

आता नवी वाट. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सांगितलं की २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकत्रित पदवी ही किमान पात्रता करायची. बारावीनंतर थेट प्रवेश, पदवी आणि बी.एड. एकत्र, पाच वर्षांऐवजी चार. त्यासाठी देशपातळीवरची वेगळी प्रवेशपरीक्षा आहे. हा अभ्यासक्रम सध्या निवडक संस्थांतच आहे. आपल्याला सोयीची जुनी संस्था म्हणजे भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. ती केंद्र सरकारच्या एनसीईआरटीची आहे आणि महाराष्ट्र तिच्या क्षेत्रात येतो. बारावीत चांगले गुण असलेल्या आणि घराबाहेर राहण्याची तयारी असलेल्या मुलीनं ही परीक्षा नक्की द्यावी. बी.एड.चे नियमही येत्या काळात बदलण्याच्या वाटेवर आहेत. म्हणून शेजारणीच्या मुलीनं तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षीचा नियम वाचा.

पदवीनंतरच्या दोन परीक्षा

पदवी म्हणजे नोकरी नव्हे. मधे दोन परीक्षा आहेत. दोघींची नावं सारखी असल्यानं फार घोटाळा होतो.

पहिली शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटी. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यानंतर ती आली. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. दीडशे गुणांपैकी साठ टक्के मिळवले की पास, राखीव प्रवर्गाला पंचावन्न टक्के. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. २०२५ च्या १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं नोकरीत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी उरलेल्या शिक्षकांनाही ही परीक्षा बंधनकारक केली. म्हणजे तिला आता टाळता येणार नाही.

दुसरी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला मुली ‘टेट’ म्हणतात. दोनशे गुण, दोन तास. यात पास-नापास नसतं. जितके गुण जास्त तितका नंबर वर. याच गुणांवर ‘पवित्र’ या सरकारी पोर्टलवरून शिक्षक निवडले जातात. नववी ते बारावीच्या शिक्षकांना सध्या टीईटी लागत नाही, पण ही चाचणी लागते.

आता कडू सत्यही सांगते. ही चाचणी पहिल्यांदा २०१७ मध्ये झाली. दुसरी झाली २०२३ मध्ये. तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या दोघींच्या मधे पाच वर्षांहून जास्त काळ गेला. त्या काळात कितीतरी मुलींची लग्नं झाली, अभ्यास सुटला, वय निघून गेलं. सरकारी नोकरीची कमाल वयोमर्यादा सध्या साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळे तिशीतल्या बाईनंही हिंमत सोडू नये. सरकारी नोकरीत महिलांसाठी तीस टक्के आरक्षण आहे, तेही लक्षात ठेवा. पण भरती कधी निघेल हे आपल्या हातात नाही, तेव्हा त्या एकाच आशेवर घराचा सगळा हिशोब उभा करू नका.

निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. हे मानधन प्राथमिकला सहा हजार होतं. २०२३ मध्ये ते सोळा हजार झालं, माध्यमिकला अठरा हजार. पूर्ण पगार त्यानंतर. कर्जाचा हप्ता बांधताना हे सोळा हजार धरून बांधा.

फसवणुकीच्या जागा

आपला जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड, दोन्ही राज्यांना लागून आहे. म्हणून आपल्याकडे एक वाक्य फार फिरतं. ‘पलीकडच्या राज्यातून बी.एड. करून देतो, हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या.’ आताच सांगितलं, हजेरीशिवाय बी.एड. नसतं. असं कोणी म्हणालं की तिथूनच उठा. पलीकडच्या राज्यातलं खरं महाविद्यालय वाईट नसतं, वाईट असतो तो बिनहजेरीचा सौदा.

दुसरं वाक्य, ‘घरबसल्या बी.एड.’ मुक्त विद्यापीठांचं बी.एड. खरं आहे, पण ते आधीच प्रशिक्षित असलेल्या, शाळेत काम करणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. डी.एल.एड. करून नोकरीला लागलेल्या ताईला त्याचा फार उपयोग होतो. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीला नाही.

तिसरं, ‘पास करून देतो.’ २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं प्रकरण पुणे पोलिसांनी उघड केलं. साडेसात हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरले. पैसा गेला आणि नावावर डाग लागला. त्यात गरिबांनी शेत विकून दिलेला पैसाही असेल.

प्रवेशाआधी तीन गोष्टी विचाराच. या महाविद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, विद्यापीठाची किंवा राज्याची संलग्नता चालू वर्षाची आहे का, आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळेल का. तिन्ही उत्तरं कागदावर घ्या.

फी आणि कागद

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. त्यासाठी प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत जाते. आपल्या महाविद्यालयात, आपल्या अभ्यासक्रमाला ती कशी लागू आहे, हे पैसे भरण्याआधी विचारा. आदिवासी मुलींच्या वसतिगृहाची आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वयंम् योजनेची माहिती देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मिळते.

कागदांत अडकणं हे आपलं नेहमीचं दुखणं. दाखला, सगळ्या गुणपत्रिका, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. यातलं जात वैधता प्रमाणपत्र सगळ्यात उशिरा येतं. मुलगी अकरावीत गेली की तेव्हाच अर्ज करा.

आणि एक बायकांचं खास दुखणं. लग्न झालं की आधारवर नाव बदलतं, गुणपत्रिकेवर माहेरचं राहतं. फॉर्म भरताना दोन नावं जुळत नाहीत आणि अर्ज अडकतो. लग्नानंतर शिकणाऱ्या सुनांनी विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा, आणि नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद करून घ्यावी.

आपल्याच गावची बाई का हवी?

कोणी म्हणेल, एवढी यातायात करून शिक्षिकाच कशाला व्हायचं? त्याचं उत्तर आपल्या अंगणात आहे.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या कितीतरी घरांत लेकरं गोंडी, हलबी किंवा छत्तीसगडी बोलतात. तिरोडा, गोरेगाव, आमगावकडे पोवारी. सहा वर्षांचं ते लेकरू शाळेत येतं आणि बाईंची भाषाच त्याला परकी वाटते. ते गप्प बसतं. आपण म्हणतो, पोरगं मंद आहे. मी नोकरीला नवीन असताना असं एक पोरगं माझ्या वर्गात होतं. सत्तर गुणिले दहा फळ्यावर लिहिलं की मान खाली. उन्हाळ्यात मी त्याला आईसोबत तेंदूपत्ता मोजताना पाहिलं. सत्तर पानांचा एक पुडा, दहा पुड्यांची किती पानं, तो तोंडानं सांगत होता आणि आईची मोजणी चुकली की तिला अडवत होता. गणित त्याला येत होतं. माझी भाषा त्याला येत नव्हती, आणि त्याचं जग मला माहीत नव्हतं. तो दोष त्याचा नव्हता. त्यानंतर मी पुड्यांवर आणि धानाच्या पेंड्यांवर गणित घ्यायला लागले.

ही काही माझी नवी युक्ती नव्हती. आपल्याच विद्यापीठाच्या पट्ट्यात, वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली आणि हाताच्या कामातून शिकवायचा विचार मांडला. त्यालाच नई तालीम म्हणतात. तिकडे ठाण्याच्या बाजूला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी लेकरांसाठी काम उभं केलं. लेकरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच वर्ग भरवला, ती कुरणशाळा. अनुताई लहान वयात विधवा झाल्या होत्या. त्यांनी पुढे शिक्षण घेतलं, शिक्षिका झाल्या आणि आयुष्य तिथे घातलं. आज आपल्या प्रत्येक गावात असलेलं अंगणवाडी हे नाव त्या अंगणातून आलं आहे.

म्हणून जिला इतकं लांबचं शिक्षण जमत नाही, तिनं अंगणवाडीचं कामही कमी समजू नये. सेविकेसाठी आता बारावी पास आणि त्याच गावची रहिवासी ही अट आहे. नव्या धोरणात तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पाया धरला आहे. त्या पायाची पहिली बाई सेविकाच असते.

गट काय करू शकतो?

जास्त काही नाही. बैठकीत वर्षातून दोन वेळा हा विषय घ्या. पहिली वेळ दहावी-बारावीच्या निकालानंतर, दुसरी दिवाळीनंतर. गावात बारावीला कोण, पदवीच्या शेवटच्या वर्षाला कोण, यांची यादी करा. शेवटच्या वर्षाच्या मुलींचे सीईटीचे फॉर्म भरले की नाही, ते विचारा. ग्रामसंघात एखादी डी.एल.एड. किंवा बी.एड. झालेली सून असेल तर तिला बोलवून घ्या, तिचे अनुभव पुस्तकापेक्षा जास्त कामाचे असतात. शिक्षणाचं कर्ज मंजूर करताना ‘कितवीच्या वर्गाला शिकवायचं आहे’ हा प्रश्न रजिस्टरमध्ये लिहायला लावा. उत्तर आलं नाही तर कर्ज नाकारू नका, आठ दिवस थांबा आणि चौकशी करून या म्हणा.

सुरुवातीला सांगितलं त्या घराचं पुढे काय झालं, ते विचाराल. मोठीनं २०२४ मध्ये टीईटीचा दुसरा पेपर दिला, पास झाली. सहावी ते आठवीसाठी ती पात्र आहे. सध्या एका खाजगी शाळेत थोड्या पगारावर शिकवते आणि भरतीची वाट बघते. गटाचे हप्ते तिनंच फेडले. धाकटीला पहिलीची लेकरं आवडतात. ती यंदा डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वेळी त्या ताई माझ्याकडे आल्या, तेव्हा मी सल्ला देण्याआधी त्या वर्षीचा नियम काढला, त्यांना वाचून दाखवला आणि कागद त्यांच्याच हातात दिला.

तुम्हीही माझ्या शब्दावर जाऊ नका. कागद मागा, वाचून घ्या, आणि मगच सही करा.



गटात चर्चेसाठी

१. आपल्या गावच्या शाळेत कितवीपर्यंत वर्ग आहेत? तिथे शिकवायला कोणती पदवी लागते?

२. गावात पदवीच्या शेवटच्या वर्षाला किती मुली आहेत? त्यांतल्या किती जणींना सीईटीची माहिती आहे?

३. आपल्या लेकरांची घरची भाषा कोणती? ती शाळेत कोणाला समजते?

४. शिक्षणाच्या कर्जाचा हिशोब करताना आपण कोणते आकडे लिहायचे विसरतो?